एक दांडा पुरे, की दोन हवेत?



घरात येणाऱ्या वस्तूंची चिकित्सा या सदरात आम्ही नेहमीच करतो. या खेपेचा विषय मात्र जरा उंच उडणारा आहे. गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या वस्त्यांतल्या तीन-चार पालकांनी आम्हाला जवळपास एकच प्रश्न विचारला. मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरवर विमान उडवायला शिकते आहे, पुढे पायलट व्हायचे म्हणते आणि आता तिला जॉयस्टिक हवी आहे. दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, नुसती जॉयस्टिक कशाला, थ्रॉटलसह जोड घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. एकाची किंमत चार आकडी, दुसऱ्याची पाच आकडी. मधल्या फरकात एका लेकराची वर्षाची क्लासची फी बसते. घरात बोनस एकदाच येतो. तेव्हा हा प्रश्न खेळण्याचा आहे असे समजून हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही.

आधी या दोन वस्तू आहेत काय ते पाहू. विमान चालवणाऱ्याच्या हातांना मुख्यतः दोन कामे असतात. एका हाताने विमानाचे नाक वर-खाली करायचे आणि पंख डावी-उजवीकडे कलवायचे. दुसऱ्या हाताने इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची. पहिले काम जॉयस्टिकचे, दुसरे थ्रॉटलचे. तिसरे काम पायांचे असते. पायाखालच्या पॅडलने शेपटीवरचे उभे सुकाणू, म्हणजे रडर, हलते. घरगुती जॉयस्टिकमध्ये बहुधा हे तिसरे काम दांडा स्वतःभोवती पिळून करण्याची सोय असते.

जॉयस्टिक आणि थ्रॉटल यांच्यात एक फरक असा आहे, की तो लक्षात आला म्हणजे पुढचे सारे सोपे होते. जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. हात सोडला की दांडा मधोमध परत येतो. थ्रॉटलला अशी स्प्रिंग नसते. तो जिथे ठेवला तिथेच राहतो. गावाकडे ज्यांनी ट्रॅक्टर चालवला आहे त्यांना हे सांगायला नको. ट्रॅक्टरच्या पायातला ॲक्सिलरेटर सोडला की वर येतो, पण हाताने ओढायचा दांडा लावला तिथे टिकतो. विमानाचा थ्रॉटल या हातदांड्याच्या जातीचा. म्हणूनच व्हिडिओ गेमचा साधा गेमपॅड घेऊन विमान शिकणाऱ्या मुलांची पंचाईत होते. त्याच्या दोन्ही छोट्या दांड्यांना स्प्रिंग असते, त्यामुळे 'अर्धी ताकद ठेवून दे' हे साधे काम त्यावर नीट जमत नाही. कीबोर्डवर ते जमते, पण एकेका दाबाला एकेक पायरी अशा रीतीने. जिना उतरता येतो, उतारावरून चालता येत नाही.

आता दुकानात गेल्यावर जे माल दिसतात त्यांच्याकडे वळू. सर्वांत साधा आणि बहुतेक ठिकाणी मिळणारा म्हणजे लॉजिटेकचा 'एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो'. एकच दांडा, तो पिळला की रडर, बुडाशी थ्रॉटलची एक छोटी पट्टी आणि बारा बटणे. म्हणजे ज्याला नुसती जॉयस्टिक म्हणतात तीतही थ्रॉटल असतोच, हे दुकानदार सांगत नाही. फक्त तो बोटभर असतो. याची मूठ उजव्या हाताच्या घडणीची आहे. घरातले मूल डावखुरे असेल तर हा घेऊ नये.

त्यावरचा प्रकार म्हणजे थ्रस्टमास्टर कंपनीचा 'टी.फ्लाइट हॉटास'. 'हॉटास' हा शब्द दुकानदार फार वजनाने उच्चारतात. त्याचा अर्थ इतकाच, की एक हात थ्रॉटलवर आणि एक हात स्टिकवर, आणि लागणारी सगळी बटणे त्या दोन हातांच्या बोटांखाली. ही रचना लढाऊ विमानांतून आली. वेगात वळताना वैमानिकाला हात उचलून बटण शोधायला सवड नसते, म्हणून बटणेच हाताखाली आणली. यातही दांडा पिळण्याची सोय आहे आणि थ्रॉटल चांगला मूठभर आहे. दोन्ही भाग एका वायरने जोडलेले असल्याने कॉम्प्युटरचे एकच यूएसबी भोक अडते.

त्यावर याच कंपनीची 'टी.१६०००एम' ही जॉयस्टिक. ती एकटीही मिळते आणि 'टीडब्ल्यूसीएस' नावाच्या थ्रॉटलसोबतही. हा थ्रॉटल रुळावरून पुढे-मागे सरकतो, आठ सेंटिमीटर. जॉयस्टिकच्या मुठीचे भाग बदलून ती डाव्या किंवा उजव्या हाताची करता येते. आणि सगळ्यांच्या वर त्याच घरचा 'वॉरथॉग'. अमेरिकेच्या ए-१० या लढाऊ विमानाच्या दांड्यांची धातूची हुबेहूब नक्कल. ती पाहून मुलांचे डोळे फिरतात. पण त्यात एक मेख आहे. त्याचा दांडा पिळत नाही. म्हणजे रडरसाठी पायाची पॅडल्स वेगळी विकत घ्यावी लागतात. एवढी मोठी रक्कम मोजून घरी आणायचे आणि मग कळायचे की अजून एक वस्तू हवी!

मोठा थ्रॉटल खरोखर कामाला कुठे येतो? विमान उतरवताना. उड्डाण करताना थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायचा असतो, त्याला बोटभर पट्टीही चालते. आकाशात सरळ जाताना एकदा ताकद लावली की हात काढून घेता येतो. पण धावपट्टीकडे उतरताना गोष्ट वेगळी होते. सेसना १७२ हे चार आसनी, एका इंजिनाचे विमान घ्या. जगभरातली असंख्य मुले यावरच शिकतात. शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग ६५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर, राखायचा असतो. नवशिक्याला वाटते की विमान खाली जात असेल तर नाक वर करावे. नाक वर केले की वेग पडतो, वेग पडला की पंखांची उचल कमी होते आणि विमान आणखी खाली बसते. म्हणून अनेक शिक्षक शिकवतात की उतरताना नाकाने वेग सांभाळा आणि थ्रॉटलने उंची. खाली जात असाल तर थोडी ताकद वाढवा, वर राहात असाल तर थोडी कमी करा. हे 'थोडे' फार महत्त्वाचे. बोटभर पट्टीवर दोन-तीन मिलिमीटर बोट हलले तरी इंजिन बरेच चढते. आठ सेंटिमीटरच्या रुळावर तेच काम मनगटाच्या अंदाजाने होते. शिवाय एका दांड्याच्या वस्तूत पट्टी त्याच बुडावर असल्याने डावा हात तिथे नेताना बूड हलते, आणि बूड हलले की दांडाही हलतो. इतका फरक आहे आणि तो खरा आहे. दुकानदार खोटे बोलत नाही. फक्त हा फरक कोणाला केव्हा कळणार, हे तो विचारत नाही.

आमचे मत असे की पहिले सहा महिने तो कळत नाही. नवे मूल जॉयस्टिक मुठीत आवळून धरते, विमान डोलवते, मग ते सावरायला उलटे ढकलते आणि आणखी डोलवते. या अवस्थेत थ्रॉटल रुळावरचा असो की पट्टीचा, काही फरक पडत नाही. हात हलका व्हायला वेळ लागतो. तो हलका व्हायला खर्च नाही, सराव लागतो. त्यासाठी एक युक्ती. दांड्यावरच्या दोन बटणांना 'ट्रिम'चे काम नेमून द्या. ट्रिम म्हणजे विमानाला 'याच नाकाने चालत राहा' असे सांगण्याची सोय. खऱ्या सेसनात ट्रिम नीट लावला की हातावरचा जोर नाहीसा होतो. घरच्या दांड्याची स्प्रिंग मात्र नेहमी मधोमधच ओढते, म्हणून घरी ट्रिम लावत लावत दांडा हळूहळू मध्ये आणावा लागतो. हे ज्याला जमले त्याचे विमान स्वस्त दांड्यावरही सरळ चालते. न जमल्यास वॉरथॉग घेऊनही ते डोलतच राहणार.

दुसरा प्रश्न, मूल कोणते विमान उडवते? हे पालकांनी जरूर विचारावे. सेसनात जॉयस्टिक नसते, हातात धरायचे चाक असते, आणि थ्रॉटल हा समोरच्या फळीतून आत-बाहेर सरकणारा काळा गोळा असतो. त्याच्या शेजारचा तांबडा गोळा इंधन आणि हवेच्या मिश्रणाचा. त्यामुळे चाक असलेला कंट्रोलर, ज्याला 'योक' म्हणतात, तोही दुकानात मिळतो. पण तो टेबलाला पकडीने आवळावा लागतो, जागा खातो आणि महागही असतो. दहा बाय दहाच्या खोलीत जेवणाचे, अभ्यासाचे आणि कॉम्प्युटरचे टेबल एकच असते, तिथे त्याचे कौतुक दोन दिवस टिकेल.

बोइंग ७३७ मध्येही चाकच आहे. परंतु एअरबस ए-३२० मध्ये खरोखर जॉयस्टिक आहे, तीही बाजूला. हे विमान पहिल्यांदा २२ फेब्रुवारी १९८७ रोजी उडाले. दांड्याची हालचाल दोऱ्यांनी न नेता विजेच्या संदेशाने कॉम्प्युटरमार्फत पंखांपर्यंत नेणाऱ्या प्रवासी विमानांत ते आघाडीचे. आपल्याकडच्या इंडिगोच्या ताफ्यात याच कुळातली विमाने सर्वांत जास्त आहेत, म्हणून मुलेही हेच मागतात. यात डाव्या खुर्चीवरचा कॅप्टन डाव्या हाताने स्टिक धरतो आणि उजवा हात मधल्या थ्रॉटलवर ठेवतो. उजव्या खुर्चीवरच्या फर्स्ट ऑफिसरचे उलटे. म्हणजे उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात थ्रॉटल ही दुकानातली मांडणी कॅप्टनची नाही, फर्स्ट ऑफिसरची आहे. नोकरी लागल्यावर प्रत्येकाची सुरुवात उजव्या खुर्चीवरूनच होते, तेव्हा मुलांनी त्याचे वाईट वाटून घेऊ नये!

ए-३२० च्या थ्रॉटलची तऱ्हाही निराळी. उड्डाणानंतर वैमानिक दांडा 'क्लाइंब' नावाच्या खाचेत ठेवतो आणि पुढे ताकद किती लावायची ते कॉम्प्युटर ठरवतो. दांडा जागचा हलत नाही. उतरताना जमिनीपासून साधारण वीस फुटांवर विमानच 'रिटार्ड' असे ओरडते, तेव्हा तो मागे ओढायचा. म्हणजे ज्या मुलाला फक्त एअरबस उडवायची आहे त्याला लांब रुळाचा थ्रॉटल फारसा कामाचा नाही. त्याला खाचा हव्यात. अशा खाचांचा एअरबस नमुन्याचा छोटा थ्रॉटल आणि त्याची जोडीदार स्टिक थ्रस्टमास्टरने २०२० साली काढली. दोन्ही सुट्या मिळतात.

इथे एक गंभीर गोष्ट. एअरबसच्या दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. एकाने ओढली तरी दुसऱ्याच्या हाताला ते जाणवत नाही. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ए-३३० विमान रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिक महासागरात कोसळले, २२८ माणसे गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ अडकले होते, ऑटोपायलट सुटला होता आणि अंधारात एक वैमानिक स्टिक मागे ओढत राहिला. पंखांची उचल तुटली तरी ओढतच राहिला. नाकाने वेग सांभाळा, हे वर लिहिलेले वाक्य किती मोलाचे आहे ते अशा वेळी कळते. मुलांना टेबलावर विमान उडवू द्या, पण ही गोष्टही वाचायला लावा.

आता टिकाऊपणा. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचे बटण काही वर्षांनी खरखर करू लागते, हा अनुभव प्रत्येक घराला आहे. आत एक पट्टी असते, तिच्यावर टोक घासत फिरते आणि पट्टी झिजते. स्वस्त कंट्रोलरमध्ये हाच पोटेन्शिओमीटर असतो. झिजला की दांडा स्थिर असूनही विमान झटके देते. महाग वस्तूंत त्या जागी चुंबक आणि 'हॉल सेन्सर' असतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली जो परिणाम शोधला त्यावर तो चालतो. चुंबक जवळ-दूर होते, कशाला काही घासत नाही, म्हणून झीज नाही. टी.१६०००एम च्या मुख्य दांड्यात असा सेन्सर आहे. आमच्या मते जादा पैसे मोजायचेच असतील तर ते बटणांच्या संख्येसाठी न मोजता यासाठी मोजावेत. आम्ही पडलो बी.कॉम., घसारा लावल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. समजा चार हजारांची वस्तू दोन वर्षांत खरखरू लागली आणि आठ हजारांची सहा वर्षे चालली, तर महिन्याला पहिली सुमारे १६७ रुपयांना पडते आणि दुसरी १११ ला. पण हा हिशेब मूल सहा वर्षे उडवणार असेल तरच खरा. माळ्यावर पडलेल्या वस्तूला घसारा लावून काय उपयोग?

जुना माल घ्यायला हरकत नाही. मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा आणखी कुठे घेताना दुकानातल्याच कॉम्प्युटरला जोडून पाहावा. विंडोजमध्ये 'रन'च्या चौकटीत 'जॉय डॉट सीपीएल' असे इंग्रजीत टाइप केले की एक खिडकी उघडते. दांडा हलवला की त्यात फुलीचे चिन्ह हलते. दांडा सोडल्यावर फुली मधोमध येते का ते पाहा. मग दांडा सावकाश पिळा, थ्रॉटल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुंगीच्या चालीने सरकवा. मध्येच उडी मारली तर समजा आत झीज आहे. पिळण्याचा भाग बहुधा आधी जातो. पंधरा पिनांचा रुंद जुना प्लग असलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, आजच्या कॉम्प्युटरला तो सरळ लागत नाही. खोक्यावर 'सायटेक' नाव दिसले तर घाबरू नका. तो धंदा २०१६ साली लॉजिटेकने घेतला.

कॉम्प्युटरचेही पाहा. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'च्या २०२० च्या आवृत्तीला कमीत कमी ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा लागते, शिवाय बरे ग्राफिक कार्ड आणि इंटरनेट. घरचा कॉम्प्युटर तेवढा नसेल तर जॉयस्टिक घेऊन काय करणार? 'फ्लाइटगिअर' हे सिम्युलेटर मात्र पूर्ण फुकट आहे. १९९७ पासून जगभरातले लोक मिळून ते घडवत आहेत. चित्रे थोडी साधी ठेवली तर बेताच्या कॉम्प्युटरवरही चालते. त्यात सेसना १७२ आहे आणि बहुतेक सर्व जॉयस्टिक चालतात. मुलांनी आधी त्यावर हात बसवावा, हे आमचे स्पष्ट मत.

एका वस्तीत एका क्लासवाल्याने पालकांना सांगितले, की आमच्याकडच्या जॉयस्टिकवर भरलेले तास पुढे लायसन्ससाठी धरले जातात, आणि त्यापोटी पैसे घेतले. असे कोणी सांगितले तर तिथून उठावे. व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी डीजीसीएच्या नियमानुसार २०० तासांचे उड्डाण लागते. मान्यताप्राप्त संस्थेतल्या मंजूर सिम्युलेटरवरचे काही थोडे तास त्यात धरतात. घरातल्या टेबलावरचा एकही नाही. खरे प्रशिक्षण रायबरेलीजवळ फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीसारख्या ठिकाणी होते. ती केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिथे राखीव जागा आहेत. आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरही प्रशिक्षण चालते. एकूण खर्च चाळीस लाखांच्या वर जातो. म्हणून शिष्यवृत्ती आणि कर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात आधी, लेखी करावी. त्याहून आधी वैद्यकीय तपासणी, पहिल्यांदा क्लास टू, मग क्लास वन. रंगांची ओळख आणि नजर यावर पुष्कळांचे गाडे अडते. मूल खरोखर गंभीर असेल तर दुसऱ्या दांड्याचे पैसे या तपासणीसाठी आणि गणित-भौतिकशास्त्राच्या शिकवणीसाठी राखून ठेवावेत, असे आम्ही कुठल्याही बापाला आणि आईला सांगू.

मुलींबद्दल एक शब्द. दोन घरांत आम्ही पाहिले की दांडा भावाच्या हाती आणि बहीण कीबोर्डवर. वेळ वाटून द्यावी. दांड्याला हात कोणाचा ते कळत नाही.

तेव्हा आज घ्यायचे तर काय? पिळणारा, बुडाशी पट्टी असलेला एक दांडा घ्या. सहा महिन्यांनंतरही मूल आठवड्यातून तीन-चारदा बसत असेल आणि उतरताना पट्टीवरून तक्रार करत असेल, तर थ्रॉटल सुटा घ्या. कॉम्प्युटरवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच वेळी बिनतक्रार चालतात, त्यामुळे पहिला दांडा वाया जात नाही. अभ्यासिकेत चार घरांनी मिळून एकच थ्रॉटल घेतला तरी चालेल. फक्त बिल कोणाच्या नावाने आणि वॉरंटीचा कागद कोणाकडे, हे आधी ठरवा.

आणि घेतल्यावर पहिले काम म्हणजे त्याचे बूड हलू द्यायचे नाही. सुताराकडून दीड फूट फळी आणा, तिच्यावर दांडा पट्ट्यांनी किंवा वेल्क्रोने घट्ट बसवा, फळीखाली जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चिकटवा. जेवायच्या वेळी फळीसकट उचलून कपाटावर ठेवता येते. टीडब्ल्यूसीएस घेतलात तर त्याच्या खालच्या बाजूला एक स्क्रू आहे, तो आवळला-सैलावला की थ्रॉटल जड किंवा हलका होतो. लहान मुलासाठी सैल ठेवा.